‘आम्ही बाहेर खातो, घरी करत नाही’

हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. कदाचित म्हटलंही असेल. सोसायटीची कोजागरी, ऑफिसातलं डब्यांचं टेबल, शाळेबाहेर उभा असलेला पालकांचा घोळका. कुठंतरी खाण्यापिण्याचा विषय निघतो आणि कुणीतरी विचारतं, ‘‘तुम्ही नॉनव्हेज खाता का हो?’’ आपण म्हणतो, ‘‘हो, म्हणजे खातो, पण बाहेर. घरी करत नाही.’’ समोरच्याच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैलावतो. आपलाही सैलावतो. मग विषय पावसाकडे वळतो.

मी हे वाक्य एकोणीस वर्षं म्हटलं. पहिली आठ वर्षं सक्तीनं आणि नंतरची अकरा स्वखुशीनं. हा लेख त्या वाक्याशी भांडण्यासाठी लिहितो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे प्रतिक्रियांमध्ये तेवढी शाई वाचेल. माझं भांडण शाकाहारी माणसांशी नाही. जो खात नाही, त्यानं खाऊ नये; का खात नाही हे मला सांगायचीही गरज नाही. माझं भांडण आहे खाणाऱ्यांशी. महिन्यातून चारदा हॉटेलात मटणाचं ताट मागवणाऱ्या, गटारीला आठवडाभर आधी बेत आखणाऱ्या, कोल्हापूरला गेल्यावर ‘पांढरा रस्सा कुठं चांगला मिळतो’ म्हणून पाच जणांना फोन करणाऱ्या, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र मटण न शिजवणाऱ्या माणसांशी. म्हणजे थोडक्यात, माझ्याशी.

*

१९९९ साली मी नोकरीसाठी पुण्यात आलो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या, आठवड्याचा बाजार भरणाऱ्या एका गावातून. खोली शोधताना पहिला प्रश्न पगाराचा असेल असं वाटलं होतं. तो दुसरा निघाला. पहिला होता आडनावाचा, आणि आडनाव सांगून झाल्यावर लगेच, ‘‘घरात मटण-मासे चालणार नाहीत हं. बाहेर तुम्ही काय वाट्टेल ते खा.’’

त्या वेळी मला ते उदार वाटलं होतं. ‘काय वाट्टेल ते खा’ म्हणाले की! माझ्या खाण्यावर आक्षेप नव्हता. फक्त त्यांच्या चार भिंतींत, त्यांच्या ओट्यावर ते शिजायला नको होतं. मी मान डोलावली. पुढच्या आठ वर्षांत तीन घरं बदलली, तिन्ही वेळा मान डोलावली. लग्न झालं. बायको शाकाहारी घरातली. ती खात नाही. त्यामुळे मान डोलावणं आणखी सोपं झालं.

२००७ साली कर्ज काढून स्वतःचा फ्लॅट घेतला. आता घरमालक मीच. अट घालणारं कुणी उरलं नव्हतं. तरीही अट आमच्याबरोबर टेम्पोत बसून नव्या घरी आली. कुणी विचारलं की मी म्हणायचो, ‘‘घरी करत नाही. बायको खात नाही ना.’’ बायकोला मी याबद्दल कधी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेही सुचलं नव्हतं.

अट दुसऱ्यानं घातली तर ती अन्याय असते. तीच आपण स्वतःला घालतो तेव्हा तिला ‘आमच्याकडची पद्धत’ म्हणतात.

*

सगळ्यात आधी पुढे येतो तो वासाचा मुद्दा. ‘‘घरभर वास सुटतो हो. दोन दिवस जात नाही.’’

मटण शिजताना वास कशाचा येतो, हे ज्यानं शिजवलंय त्याला विचारावं. गॅसच्या ज्योतीवर सालासकट कांदा भाजतो, त्याचा येतो. सुकं खोबरं तव्यावर तांबूस होतं, त्याचा येतो. आलं, लसूण, खसखस, तीळ, लवंग, दालचिनी यांचा येतो. यातला एकही पदार्थ मांसाहारी नाही. ताजं मटण नीट धुऊन हळद-मीठ लावून शिजवलं, तर त्याचा स्वतःचा वास फार थोडा असतो. शिवाय फोडणीत मिरची जळली की सगळा मजला खोकतो, तूप कढवताना बेरी करपली की जिन्यापर्यंत कळतं. त्यावर सोसायटीची सभा बोलावल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

गंमत म्हणजे हाच वास हॉटेलच्या गल्लीत आला की आपण त्याला ‘घमघमाट’ म्हणतो. वास तोच, नाक तेच. शब्द बदलतो तो पत्त्यामुळे.

आणि आता तर ‘बाहेर’ हा शब्दही खरा राहिलेला नाही. डिलिव्हरीवाला पिशवी दारात देतो. हॉलमध्ये पेपर पसरला जातो. प्लास्टिकच्या डब्यांतून कागदी ताटल्यांत मटण येतं, ओरपलं जातं, हाडं पिशवीत बांधून त्याच रात्री खाली जातात. म्हणजे मटण घरात येतं, घरात खाल्लं जातं, टीव्हीसमोर चघळलं जातं. येत नाही ते फक्त दोन ठिकाणी: शेगडीवर आणि पातेल्यात. तेव्हा प्रश्न वासाचाही नाही आणि घराचाही नाही. प्रश्न भांड्याचा आहे. भांड्याचा प्रश्न आपल्याकडे कधीच फक्त भांड्याचा नसतो.

*

इथं कुणी म्हणेल, जुन्या घरांतही हे होतंच की. होतं. आमच्याच घरात होतं.

माझे आजोबा माळकरी. आषाढी-कार्तिकी चुकवायचे नाहीत. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मटण वर्ज्य. मग मटण शिजायचं परसातल्या चुलीवर. त्याचं पातेलं वेगळं, डाव वेगळा, उलथनं वेगळं. ती भांडी गोठ्याच्या भिंतीला टांगलेली असायची. रविवारी आजी आणि आई परसात, आजोबा सोप्यात. त्यांच्यासाठी पिठलं-भाकरी आधी व्हायची. ते जेवून उठले की बाकीचं घर परसात पंगतीला बसायचं.

या व्यवस्थेत आणि माझ्या फ्लॅटातल्या व्यवस्थेत एक मोठा फरक आहे. तिथं ज्याच्यासाठी वेगळं भांडं होतं तो माणूस समोर बसलेला होता. त्याचं नाव होतं, त्याची माळ दिसत होती, आणि त्याच्या न खाण्यामुळे घरातल्या दुसऱ्या कुणाचं खाणं थांबलेलं नव्हतं. मटण घराच्याच माणसांनी, घराच्याच आवारात शिजवलं आणि पोरांपासून म्हातारीपर्यंत सगळ्यांच्या वाट्याला आलं. मी मात्र कुणाच्या माळेचा मान राखत होतो? माझ्या घरात माळ घातलेलं कुणी नव्हतं.

पण त्या परसाची फार आरतीही ओवाळणार नाही. त्याच परसाच्या कुंपणापाशी बोकड सोलायला मदत करणारा माणूस उभा असायचा. त्याच्या वाट्याला आतडी, पाय, कधी मुंडी जायची, त्यानं आणलेल्या भांड्यात, वरून, स्पर्श न होता. त्याच्या घरी शिजलेलं मटण आमच्यातल्या कुणी खाल्लं नसतं. बोकड तोच, आणि त्याच्या घरचा रस्सा आमच्यापेक्षा चांगलाही असेल. आम्ही ‘बारक्याचं’ खाणारे, म्हणून ‘मोठ्याचं’ खाणाऱ्यांकडे तोंड वाकडं करून बघणारे. आमच्यापेक्षा वरचे आमच्याकडे तसंच बघायचे, याचं आम्हाला वाईट वाटायचं. खालच्यांना काय वाटत असेल हे आम्ही मनात आणलं नाही.

मांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’मध्ये मांडला. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं आणि मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरात काय शिजत होतं, कसं शिजत होतं आणि का, हे मराठीत सविस्तर आलं. पुस्तकाच्या नावातलं ते ‘अपूर्ण’ फार नेमकं आहे. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ म्हणणाऱ्यांच्या ताटात कुणाचं अन्न मोजलंच जात नव्हतं, हे त्या एका शब्दात कळतं.

हे सगळं वाचल्यावर मला माझ्याच वाक्याचं व्याकरण दिसू लागलं. जात खाण्यावर जेवढी बसते त्याहून जास्त ती भांड्यावर बसते. कुणी काय खाल्लं हे विसरता येतं; कुठल्या भांड्यात शिजलं हे विसरत नाहीत. ‘आम्ही खातो, पण घरी करत नाही’ याचा अर्थ असा, की आमची जीभ बाटलेली आहे, पण आमची भांडी नाहीत. आम्ही खालच्या पायरीवर उभे आहोत खरे, पण बघा, वरच्या पायरीचे नियम आम्हाला माहीत आहेत. कोजागरीत समोरच्याचा चेहरा सैलावतो तो यामुळे.

आणि हे अशा राज्यात, जिथे २०१४ सालच्या केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार सुमारे ६० टक्के लोक मांसाहारी आहेत. बहुसंख्यांनी अल्पसंख्यांसारखं चोरून जेवायचं, असा हा प्रकार.

*

आता जरा स्वयंपाकाकडे वळतो, कारण त्यात जे बुडतंय ते भावनिक नाही, व्यावहारिक आहे.

आमच्या घरी अर्धा किलो मटण आणि खाणारी आठ तोंडं असं गणित असायचं. तुकडे बारा-चौदा. सरळ वाटले तर माणशी दीड. त्यावर उपाय म्हणजे रस्सा. रस्सा ही चैनीची गोष्ट म्हणून जन्मलेली नाही. थोडं मटण पुष्कळ माणसांना पुरवण्याची ती युक्ती आहे. बोकडाचं मांस चिवट, त्यात सांध्याजवळचे तुकडे, नळी, मान, चाप यांत स्नायूंना बांधून ठेवणारे तंतू भरपूर. मंद आचेवर तास-दीड तास शिजलं की ते तंतू विरघळतात आणि पाण्याला दाटपणा येतो, ओठ किंचित चिकटतात. म्हणजे तुकड्यातला कस पाण्यात उतरतो आणि पाणी आठ जणांत वाटता येतं. म्हणून आई खाटकाला सांगायची, ‘‘नुसतं मांस नको, हाडासकट दे. नळी घाल. थोडी चरबी राहू दे.’’ आज दुकानात ‘बोनलेस’ मागणारा माणूस पैसे जास्त देतो आणि रस्सा गमावून येतो.

पद्धत अशी. मटणाला हळद, मीठ, आलं-लसणाचं वाटण चोळायचं. पातेल्यात थोड्या तेलावर कांदा परतून मटण टाकायचं आणि त्याचं स्वतःचं पाणी सुटून आटेपर्यंत हलवायचं. मग वर खोलगट ताट झाकायचं आणि ताटात पाणी ठेवायचं. ते पाणी तापलं की तेच आत ओतायचं. गार पाणी ओतलं तर शिजण्याची लय मोडते. मटण मऊ झालं की वरचं पाणी काढून घ्यायचं. हे अळणी. नाव अळणी, पण त्यात मीठ असतं. नसतं ते तिखट. पहिली वाटी लहान पोरांना, आजाऱ्याला, घरात बाळंतीण असेल तर तिला.

आता एका पातेल्यातून तीन पदार्थ. तुकड्यांचं वाटण आणि चटणी घालून सुकं. अळणीच्या एका भागात भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, कोथिंबीर यांचं वाटण आणि कांदा-लसूण चटणी घातली की तांबडा. दुसऱ्या भागात ओल्या नारळाचं दूध, खसखस, पांढरे तीळ यांची गुळगुळीत पेस्ट आणि मिरे-लवंग-दालचिनीची फोडणी दिली की पांढरा. नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळी आणायची नाही, नाहीतर फुटतं. तांबडा तिखट, पांढरा त्याला शांत करणारा. एक भाकरी कुस्करणाऱ्याला आणि एक भात कालवणाऱ्याला. बारा तुकड्यांत आठ माणसं ढेकर देऊन उठत.

यातली चटणी उन्हाळ्यात वर्षाची होते. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी चवीला आणि तिखटपणाला. प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं. म्हणूनच ‘कोल्हापुरी’ नावाची एक चव नसते, कोल्हापुरात जितक्या घरांत चटणी होते तितक्या चवी असतात. नागपूरचं सावजी, खानदेशातला काळा मसाला, मालवणचं भाजकं वाटण, गोव्याची शाकुती यांचंही तेच. हॉटेल हे सांभाळू शकत नाही. हॉटेलचा दोष नाही; त्याला रोज दोनशे ताटं एकाच चवीची द्यायची आहेत. सकाळी ग्रेव्ही तयार होते, मटण वेगळं शिजतं, ऑर्डर आली की दोघांची गाठ घालून दिली जाते. वर तेलाचा लालभडक तवंग, कारण गिऱ्हाईकाला कोल्हापुरी म्हणजे जहाल असं शिकवलेलं आहे. ‘व्हेज कोल्हापुरी’ हे नाव माझ्या आईनं पहिल्यांदा पुण्यात ऐकलं आणि विचारलं, ‘‘ह्ये कुनाच्या घरात करत्यात?’’

कुणाच्याच नाही. हाच मुद्दा आहे. घरात करणं थांबलं की पदार्थाचा अर्थ हॉटेल ठरवतं. छापील पुस्तकांनी तो टिकेल, असंही नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली ‘गृहिणी-मित्र’ लिहिलं, त्यात पाठारे प्रभू घरांतले मांस-मासळीचे पदार्थ मोकळेपणानं आले. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका मराठी बाईला ते लिहायला संकोच वाटला नाही. पण वाचून मीठ कळत नाही. ताटातलं पाणी कधी ओतायचं हे शेजारी उभं राहूनच कळतं. एक पिढी शेजारी उभी राहिली नाही की संपलं.

*

इथवर मी जे लिहिलं ते सगळं मला २०१८ सालापर्यंत सुचलेलं नव्हतं.

वडील गेल्यावर २०१६ मध्ये आई आमच्याकडे राहायला आली. गुडघे गेलेले, लिफ्ट असली तरी बाहेर जायचा कंटाळा, हॉटेलात जायचा तर त्याहून. ‘‘खुर्चीवर बसून अनोळखी मानसांत हाडं चोखायची व्हय?’’ म्हणायची. मी मित्रांबरोबर, मुलीबरोबर बाहेर जाऊन मटण खाऊन यायचो. आई घरी आमटी-भात. मला वाटलं, वयानं सोडलं असेल. वडील गेल्यावर बायका सोडतात, तसं सोडलं असेल. सोयीचं वाटत होतं म्हणून तसं वाटलं.

दोन वर्षांनी एका रविवारी ती खिडकीत बसली होती. समोरच्या इमारतीतून कुठूनतरी खोबरं भाजल्याचा वास आला. ती म्हणाली, ‘‘मटन हाय कुनाकडंतरी.’’ मी सहज विचारलं, ‘‘तू सोडलंस ना आता?’’

‘‘मी कशाला सोडू?’’ ती म्हणाली. ‘‘तुज्या घरात करत न्हाईत न्हवं? मग म्या कशाला बोलू.’’

तुज्या घरात. ज्या बाईनं चाळीस वर्षं परसात बसून, डोळ्यांत धूर घेऊन आठ जणांना बारा तुकडे पुरवले, तिला माझ्या घरात मटण मागायचा संकोच वाटला. आणि हा संकोच मी तिला शिकवला होता, तेही एक शब्द न बोलता.

मी आत जाऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं, आता तिची समजूत घालावी लागेल. ती म्हणाली, ‘‘मी कधी नको म्हटलं? मी खात नाही एवढंच. इतकी वर्षं तू माझं नाव सांगत होतास?’’ पुढे तिनं दोन अटी घातल्या. खिडकी उघडी ठेवायची, आणि भांडी मी घासायची. दोन्ही रास्त होत्या. समोर बसलेल्या माणसाच्या अटी अशा असतात. त्या पाळता येतात.

‘बाहेर खा’ हा तोडगा दिसतो तितका समान नाही, हे मला तेव्हा कळलं. बाहेर कोण जाऊ शकतं? ज्याच्या खिशात पैसे आहेत, पायांत बळ आहे, आणि ज्याला ‘कुठं चाललीस?’ असं कुणी विचारत नाही, तो. म्हणजे बहुतेक वेळा पुरुष. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ साली, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी सुमारे ७८ टक्के मांसाहार करणारे होते आणि स्त्रियांपैकी सुमारे ७०. पाचव्या फेरीत, २०१९-२१ साली, पुरुष ८३ वर गेले. स्त्रिया होत्या तिथंच, सत्तर-एकाहत्तरवर. या दरीची कारणं अनेक असतील. उपासतापास आहेत, संस्कार आहेत, ताटात शेवटी बसणं आहे. पण माझा तर्क असा, की मटण जसजसं घरातून उठून हॉटेलात, ढाब्यावर, मित्रांच्या फार्महाउसवर जातंय, तसतसं ते पुरुषांचं होत चाललंय. परसातल्या चुलीवर आईच्या वाट्याला निदान मानेचा तुकडा आणि उरलेला रस्सा तरी यायचा. ढाब्यावर तिच्या वाट्याला काय येतं? घरी परतलेल्या नवऱ्याच्या शर्टाचा वास.

*

आक्षेप आणखी आहेत. तेही घेऊ.

‘‘वेळ कुणाला आहे?’’ कुकरमध्ये मटण अर्ध्या तासात शिजतं. वाटण आदल्या रात्री करून ठेवता येतं. हॉटेलबाहेर रविवारी नंबर लावून आपण तासभर उभे असतोच.

‘‘मुलांना शाळेत चिडवतात.’’ चिडवतात, खरं आहे. पण घरातच लपवायला शिकवलेलं मूल चिडवणाऱ्याला काय उत्तर देणार? त्याला आधीच कळलेलं असतं, की यात लाजण्यासारखं काहीतरी आहे. ते त्याला शाळेनं शिकवलेलं नसतं.

‘‘प्राण्याचा जीव जातो.’’ जातो, आणि या आक्षेपाचा मला आदर आहे. पण तो न खाणाऱ्यानं घ्यायचा आक्षेप आहे. आपण घरी केलं नाही म्हणून बोकड वाचत नाही. फक्त त्याचं सोलणं, कापणं, धुणं आपल्या नजरेआड होतं. घरी मटण धुताना हाताला रक्त लागतं, हाडाची कपची बोटात घुसते. आपण काय खातोय हे विसरता येत नाही. मला वाटतं, ज्याला जिवाची खरी चाड आहे त्यानं एकतर खाऊ नये, किंवा आपल्या हातानं धुऊन शिजवावं आणि त्यातलं काही वाया घालवू नये. मधला, डबा उघडून खाण्याचा रस्ता सगळ्यात बेपर्वा.

‘‘भाड्याचं घर आहे, मालक चालू देत नाही.’’ याला माझ्याकडे उत्तर नाही. आठ वर्षं मीही मान डोलावली आहे. डोक्यावरचं छप्पर आणि रस्सा यांत छप्परच निवडावं लागतं. पण निदान त्याला ‘आमच्याकडची पद्धत’ म्हणू नका. ‘मालक करू देत नाही’ असं म्हणा. मोठ्यानं म्हणा. कोजागरीत समोरच्याचा चेहरा आवळला तर आवळू दे.

आणि पुरुषांसाठी एक. मी आता रविवारी मटण करतो असं सांगितलं की लोक कौतुक करतात. आईनं चाळीस वर्षं केलं, कुणी कौतुक केल्याचं आठवत नाही. तेव्हा ते ‘माझी सिग्नेचर डिश’ वगैरे नको. खोबरं कुणी किसलं, लसूण कुणी सोलला, ओट्यावरचं तेल कुणी पुसलं, हे विचारल्याशिवाय ‘मी केलं’ म्हणू नये.

*

पहिल्या रविवारी आईला ओट्याजवळ खुर्ची टाकून दिली. तिचे हात थरथरतात, त्यामुळे हात माझे आणि तोंड तिचं. कांदा काढला तर, ‘‘थांब, अजून काळा होऊ दे.’’ पाणी ओतायला गेलो तर, ‘‘ताटातलं घे रं, नळाचं कशाला?’’ अळणी वाटीत काढून तिला दिलं. तिनं फुंकर मारून घोट घेतला आणि म्हणाली, ‘‘मीठ कमी हाय.’’ मी घातलं. जास्त झालं. ती काही बोलली नाही, दुसरी वाटी मागितली.

त्याआधी एक गोष्ट घडली होती. मी बाजारातून नवं पातेलं आणलं होतं, मटणासाठी वेगळं. बायकोचं मन राखावं म्हणून. ते बघून आईनं विचारलं, ‘‘ह्ये कशाला? घरात माळकरी कोन हाय?’’ बायको हसली. नवं पातेलं अजून पोटमाळ्यावर आहे, कागदात गुंडाळलेलं.

तेव्हा तुमच्याकडेही माळकरी कुणी नसेल तर एवढंच करा. येत्या रविवारी अर्धा किलो मटण आणा, हाडासकट. पातेलं रोजचंच घ्या, ज्यात आमटी होते ते. संध्याकाळी स्वतः घासा, स्वच्छ, राख नाही तर साबणानं. आणि सोमवारी त्यातच आमटी करा.